वीतभर उंचीवरचा दांडा

पुंजाराम ओव्हरसियर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण परतुरात त्यांना नुसतं पुंजाराम म्हणायची अजून कुणाची छाती नव्हती. सरकारी बांधकामाच्या नोकरीत त्यांनी तीस वर्षं शाळाखोल्या, मोऱ्या आणि पाझर तलाव बांधले होते. त्या तीस वर्षांत 'नियम' हा शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला, की ताटात मीठ मागायचं झालं तरी तो मधे यायचा. खिशात टेप, कानावर पेन्सिल. मेथीची जुडी आणायला गेले तर भाजीवाल्याला 'तुझ्या गाड्याचं डावं चाक कललंय' असं सांगून यायचे. मोंढ्यातली, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारातली, माणसं त्यांच्या पाठीमागे हसत. त्यांनी बांधलेली एकही भिंत आजवर कलली नाही, हेही तीच माणसं सांगत.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या घरच्या न्हाणीचा नकाशा काढायला घेतला. घर मोंढ्याच्या मागच्या वस्तीत, तीन खोल्यांचं, स्लॅबचं. मागच्या पडवीच्या टोकाला न्हाणी. कापसाचे दिवस होते. सरकी काढायच्या जिनिंगमधून उडालेले तंतू अंगणात, वाळत घातलेल्या धोतरावर, चहाच्या बशीतसुद्धा येऊन बसत. पुंजाराम ते फुंकरीने उडवत आलेखाच्या कागदावर रेघा मारत होते, खोडत होते, पुन्हा मारत होते. शेकडो नकाशे त्यांच्या हाताखालून गेले होते, पण या सहा फूट बाय पाच फुटांच्या खोलीने त्यांचा घाम काढला होता.

कारण ती द्वारकाबाईसाठी होती.

द्वारकाबाई त्यांची बायको. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झालेली. काचबिंदूने चार वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांतला उजेड नेला, तशी ती हातांनी बघायला शिकली. डब्याच्या झाकणावरून डाळ ओळखायची, तडतडण्यावरून मोहरी करपली का ते सांगायची. दगा दिला तो न्हाणीने. शहाबादी फरशी साबणाने गुळगुळीत झालेली, दाराशी वीटभर उंच उंबरा, आणि दार आत उघडणारं. दिवाळी सरली त्या आठवड्यात ती आत घसरून पडली. पुंजाराम तेव्हा पेपर आणायला स्टेशनवर गेले होते. परत आले तर दार हलेना. कडी आतून लावलेली, आणि ती स्वतः दाराला टेकून पडलेली. पहार घालून बिजागऱ्या उचकटेपर्यंत पाऊण तास गेला. दार निघालं तेव्हा ती एवढंच बोलली, "आधी लुगडं द्या. मंग माणसं बोलवा."

आत उघडणारं ते दार पुंजारामांनीच पुढे उभं राहून बसवून घेतलं होतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून घास घशाखाली उतरताना त्यांना ते दार आठवायचं.

जालन्याला खुब्याचं ऑपरेशन झालं. लेक दुर्गा जालन्यातच दिलेली. तिने आईला आपल्या घरी नेलं आणि आई आता कायमची इथंच राहील, असं सांगूनही टाकलं. तिचं चुकत नव्हतं. अंघोळ घालायला तिने एक बाई लावली होती. त्या बाईचा हात लागला की द्वारकाबाई अंग चोरून घ्यायची आणि दोन तांब्यांतच "झालं" म्हणायची.

एकदा दुर्गा आत चहा करत असताना ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "मला घरी न्या. पण एक सांगते. माझी अंघोळ माझी मी करीन, आतून कडी लावून. परक्या हातानं धुवून घेते तवा मला मेल्यासारखं वाटून राह्यलं. ते जमणार नसंल तर मंग मला नेऊ नका."

"कडी लावून?"

"कडी लावून."

पुंजारामांनी खिशातल्या खिशात टेपची पट्टी थोडी ओढली आणि सोडली. "संक्रांतीच्या आत न्हाणी करतो," ते म्हणाले.

दुर्गाने ते ऐकलं. "करा," ती म्हणाली. "पण मी येऊन बघणार. मला पटली तरच आई तिथं राहील. न्हाईतर त्याच गाडीनं माघारी."

पुंजारामांनी काम अंगाला लावून घेतलं. नगरपालिकेत अर्ज दिला. घरातली न्हाणी दुरुस्त करायला परवानगी लागत नाही असं तिथल्या कारकुनाने सांगितलं, तरी नकाशाच्या तीन प्रती देऊन पोच घेतली. शोषखड्डा हातपंपापासून लांब, परसाच्या पार टोकाला नेला. उंबरा काढला. दार बाहेर उघडणारं केलं, आणि अंग सावरत चालणाऱ्या माणसाला पुरेल एवढं रुंद. फरशी खडबडीत, पाण्याचा उतार दारापासून लांब, पण पायाला कळणार नाही इतका हलका. बादलीत सोडायच्या विजेच्या रॉडला त्यांनी घरातूनच हद्दपार केलं. गिझर बाहेरच्या भिंतीला, त्याला वेगळं अर्थिंग, आणि करंट कुठे फुटला तर आपोआप पडणारं बटण. गरम आणि गार पाणी बाहेरच मिसळून एका नळातून आत येणार होतं, म्हणजे हात भाजायचा प्रश्नच नाही. आणि भिंतींना धरायला स्टीलचे दांडे. खात्याच्या पुस्तकात दांड्याची उंची तेहतीस इंच दिली होती. नकाशावर त्यांनी ती लाल शाईने लिहिली.

कामाला सांडू मिस्त्री होता. मूळचा भोकरदनकडचा. त्याच्या आज्याने मेंढरं वळली आणि नातवाने थापी धरली, ती वीस वर्षं पुंजारामांच्याच कामांवर. माल कालवायला त्याची बायको साखराबाई. दोघंही कमी बोलणारी, त्यामुळे पुंजारामांचं बरं जमायचं.

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता पूर्वेच्या भिंतीचा गिलावा झाला. नवं दार अजून सुताराकडेच होतं, म्हणून चौकटीला पत्रा लावून त्याला दगड टेकवला. घराला पुढून-मागून कुलपं. सकाळी सांडूने पत्रा सरकवला आणि तो तिथेच थांबला.

भिंतीत हात उमटला होता. पाच बोटं, तळवा, सगळं स्वच्छ. जमिनीपासून दीडेक फुटावर.

"ओल्या गिलाव्याला हात लावतोस? वीस वर्षांत हेच शिकलास?" पुंजाराम म्हणाले.

"साहेब, आईची आन. काल शेवटची थापी फिरवली तवा भिंत आरशासारखी होती." सांडूने आपला पंजा त्या हातावर धरून दाखवला. त्याचा पंजा दुप्पट होता.

पुंजारामांनी साखराबाईकडे पाहिलं. तिने आपले हात पुढे केले. माल कालवून कालवून तिची बोटं जाडजूड झाली होती. ती त्या ठशात बसली नसती. मग पत्र्याकडे, दगडाकडे, कुलपांकडे बघून झालं. सगळं जिथल्या तिथे होतं. पुंजाराम म्हणाले की काहीतरी कारण असणारच, आणि ते सापडेपर्यंत काम खोळंबायचं कारण नाही. सांडूने तेवढा तुकडा खरवडला, नवा माल भरला, सपाट केला.

बुधवारी सकाळी त्याच जागी तोच हात होता. नव्या मालात, आणखी खोल.

या वेळी पुंजाराम सांडूला रागावले नाहीत. भिंतभर कापसाचे तंतू चिकटले होते, रोज चिकटायचे तसे. फक्त हाताच्या ठशात एकही नव्हता. पुंजारामांनी टेप काढला. फरशीपासून एकोणीस इंच, कोपऱ्यापासून सव्वीस. हाताची लांबी-रुंदीही मोजून डायरीत लिहिली. डावा हात. लिहिता लिहिता त्यांची पेन्सिल थांबली, कारण ठशातली करंगळी सरळ नव्हती. ती मधल्या पेरापासून आत वळली होती.

"साहेब, रागावू नका," मागून साखराबाई म्हणाली. "हा बसलेल्या बाईचा हात हाय."

"म्हणजे?"

ती पदर खोचून भिंतीपाशी उकिडवी बसली, पाटावर बसल्यासारखी, आणि उठायला म्हणून तिने डावा हात भिंतीला टेकला. तो बरोबर ठशावर आला. "बाई पाटावर बसून न्हाती. उठताना हात हितं जातो. तुमच्या नकाशातला दांडा तिकडं वर हाय. तितवर हात पोचेस्तोवर बाई पडलेली असती."

पुंजाराम बराच वेळ त्या लाल शाईच्या तेहतीस इंचांकडे बघत राहिले. पुस्तकातला माणूस उभा राहून अंघोळ करत होता. द्वारकाबाई कशी अंघोळ करते हे त्यांना माहीतच नव्हतं. एकोणचाळीस वर्षं ती आतून कडी लावत आली, आणि बाहेर बसून त्यांनी फक्त पाण्याचा आवाज ऐकला होता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. त्यात कसलीतरी मायाही होती. साखराबाईला ते "बरोबर आहे" एवढंच म्हणाले.

दुपारच्या पॅसेंजरने ते जालन्याला गेले.

द्वारकाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तर वॉकर आणि दुर्गा दोन्ही लागत. पुंजारामांच्या चपलांचा आवाज ओळखून तिने तोंड वळवलं.

"गिलावा झाला जणू," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी आल्ते ना. परवाबी आल्ते, कालबी. सपनच असंल, पण लई खरं. भिंत ओली होती, हाताला गारगार लागली. सगळं चाचपलं बघा. पर नळ काई सापडंना. तुमी उजवीकडं लावून राह्यले का? मी आपली डावीकडं बघते."

नळ नकाशात उजवीकडे होता. जालन्यात हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

"स्वप्नं पडतातच," ते म्हणाले. "औषधांनी पडतात."

दुर्गा चहा घेऊन आली. "बाबा, आईच्या नखांत बघा बरं काय होतंय," ती म्हणाली. "करडं करडं. दोन दिवस झाले, सकाळी काडीनं काढते. खाटेवरून उतरत न्हाई अन् नखं भरतात कशानं?"

पुंजारामांनी बायकोचा डावा हात हातात घेतला. बांगड्या भरायच्या आहेत, माप घेतो, असं सांगून मनगटापासून मधल्या बोटापर्यंत टेप लावला. नंतर तळव्याची रुंदी. मग करंगळी, जी लहानपणी विहिरीच्या राहाटात सापडून कायमची आत वळली होती. डायरी काढायची गरज नव्हती, आकडे त्यांना पाठ होते. तरीही त्यांनी काढली आणि पाहिली.

"जुळलं का?" द्वारकाबाईने विचारलं.

"काय?"

"बांगड्याचं माप."

"जुळलं," पुंजाराम म्हणाले, आणि तो हात त्यांनी लवकर सोडला नाही.

गाडीत परत येताना त्यांनी विचार करायचा प्रयत्न केला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, यावर त्यांची श्रद्धा होती आणि ती अजूनही तुटली नव्हती. पण कारण शोधायला वेळ लागतो आणि संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. एवढं मात्र त्यांना कळलं, की ती इकडे यायला धडपडतेय, आणि तिला जागा नीट सापडत नाहीये. माणूस चाचपडत असेल तर त्याला भिंत द्यावी, वाद घालू नये. त्यांनी डायरीत नळापुढचा 'उजवा' खोडून 'डावा' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांडूला सगळा माल पुन्हा कालवायला सांगितलं. चारही भिंतींवर नवा पातळ हात मारायचा, जमिनीपासून डोक्याइतका, आणि संध्याकाळी पाचच्या आत संपवायचा. सांडूने कारण विचारलं नाही. काम झाल्यावर पुंजाराम घरातून द्वारकाबाईचा पाट घेऊन आले. शिसवी, चार पितळी खिळ्यांचा, तिच्या माहेरून आलेला. तो त्यांनी नळाच्या नव्या जागेसमोर मांडला. मग त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटलं, म्हणून तिचा तांब्याही पाटाशेजारी ठेवला, आणि पत्रा लावला.

सकाळी ते तिघंही एकदमच आत गेले.

पाट चार इंच डावीकडे सरकला होता. भिंतींवर हातच हात होते, पण कसेही नाहीत. दाराच्या चौकटीला एक, शिरताना लागतो तसा. दोन पावलांवर दुसरा. मग खाली, पाटाच्या दोन बाजूंना दोन, बसताना टेकायचे. नळापाशी बोटांच्या नुसत्या टोकांचे. आणि उठतानाचा तो एकोणीस इंचांवरचा, सगळ्यांत खोल. कुणीतरी आत येऊन, बसून, सावकाश अंघोळ करून, उठून गेलं होतं. घाई कुठेच दिसत नव्हती.

"दांडे हितंच बसवायचे ना?" सांडूने विचारलं.

"इथेच. एक सूतही इकडेतिकडे नको."

पुंजाराम खाली बसून एकेक माप लिहू लागले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चष्म्यामुळे ते पुसता येत नव्हते. या वयात आपल्याला हे बघायला मिळालं, असं त्यांना वाटलं. भीती अशी वाटली नाही.

मग साखराबाई म्हणाली, "साहेब, ह्यो दुसरा कुणाचा?"

ती दाराजवळ उभी होती. चौकटीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर.

हा हात मोठा होता. उजवा. बोटं वर, दाराच्या कडीच्या दिशेला ताणलेली. पडलेल्या माणसाने ताणावीत तशी.

पुंजारामांनी नख लावून पाहिलं. बाकीचे ठसे अजून ओलसर होते, नखाने रेघ उठत होती. या ठशावर नख सरकलं. तो दगडासारखा घट्ट होता, आणि आतून गुळगुळीत. काल संध्याकाळच्या मालात तो कित्येक वर्षांचा जुना झाला होता.

त्याचं पहिलं बोट अर्ध्या पेराने आखूड होतं.

बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या पिचिंगचा, म्हणजे बांधाच्या अस्तराचा, दगड बोटावर आला, तेव्हापासून पुंजारामांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्ध्या पेराने आखूड होतं.

त्यांनी हात पुढे केला. मग मागे घेतला. मग ठशात ठेवला.

बरोबर बसला.

बाहेर मोंढ्यात कापसाची गाडी मागे घेताना कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं.

"पुसून टाकू का?" सांडूने हळूच विचारलं. त्याची नजर साहेबांच्या बोटावर होती.

"नको," पुंजाराम म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "इथेही एक दांडा बसव."

त्याच दुपारी ते लोहाराकडे गेले आणि सुताराकडच्या नव्या दारासाठी वेगळी कडी करून घेतली. नवी कडी आतून आडवी पडणारी होती. पण फळीला एक बारीक खाच होती, आणि बाहेरून तिच्यात लोखंडी पट्टी सारली की कडी वर उचलली जायची. पट्टी दाराबाहेर खिळ्याला टांगली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी दुर्गा आईला घेऊन आली. घरात पाऊल टाकायच्या आधीच तिने न्हाणी गाठली. फरशीवर पाणी ओतून त्यावर पाय घासून पाहिला. गिझरचं बटण पाडून पाहिलं. एकेका दांड्याला अक्षरशः लोंबकळली. "हे इतके खाली कशाला?" असं तिने विचारलं, पण आई पाटावर बसली आणि तिचा हात न शोधता दांड्यावर पडला, तेव्हा तिने तो प्रश्न सोडून दिला. "बरं बाई," ती म्हणाली. "राहा." आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून थोडी रडली. चारच्या गाडीने ती एकटीच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई भिंत धरत, वॉकरशिवाय न्हाणीत गेली. दार ओढलं. कडी पडल्याचा आवाज झाला. पुंजाराम बाहेर स्टुलावर बसले. जीव टांगणीला लागलेला, पण आवाज एकामागून एक बरोबर येत होते. चौकटीवर बांगड्या. दोन पावलं. पुन्हा बांगड्या. पाट. नळ. मग तांब्यांमागून तांबे पाणी, दोन नाही, चार नाही, त्यांनी मोजायचं सोडून दिलं. मधेच ती काहीतरी गुणगुणली. दिवाळीपासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

ती बाहेर आली ती ओल्या केसांनी, लाल गालांनी, नीट नेसून. "सगळं जिथल्या तिथं हाय," ती म्हणाली. "मला वाटलंच व्हतं."

"बरं झालं."

"पर दाराजवळचा, पार खाली, तो कुणासाठी?"

"नियम आहे," पुंजाराम म्हणाले.

तिने केसांना पंचा गुंडाळला. "बाकीचे सगळे गारठलेले हायत. तो गरम लागतो. आत्ताच कुणी सोडल्यावानी."

पुंजाराम आत जाऊन वाकले. दांडा त्यांच्या हाताला बर्फासारखा लागला, इतर दांड्यांसारखाच.

पुढचे चार दिवस त्यांनी तिला बाहेरून कडी उघडायला शिकवली. खिळ्यावरून पट्टी काढायची, खाच चाचपायची, सारायची, उचलायची. ते शेजारी उभे राहून हळू आकडे मोजत. पहिल्या दिवशी तिला पंचवीसपर्यंत वेळ लागला, चौथ्या दिवशी पाचच्या आत उघडली.

"आत तर मीच असणार," ती म्हणाली. "मंग मला बाहेरून कशाला शिकवून राह्यले?"

"तू कधी घाईत असलीस, दार चुकून अडकलं..." ते अडखळले. "नियम आहे."

तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं. ज्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, त्या डोळ्यांनी ती बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हात लांबवून तिने त्यांचा उजवा हात चाचपला, मनगट, तळवा, बोटं. आखूड बोटापाशी ती थांबली.

पाचव्या दिवशी तिची अंघोळ झाली आणि पुंजाराम घरातून पंचा घेऊन आले, तर स्टुलावर द्वारकाबाई बसलेली. पट्टी खिळ्यावर नव्हती. ती तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती.

"तू इथे कशाला?"

"तुमी जा. मी बसते."

"अगं, थंडी आहे. आत जाऊन बस."

"नियम हाय," ती म्हणाली.

त्यांना हसू आलं. ते आत गेले, दार ओढलं, कडी लावली. पाटावर बसून नळ सोडला. मिसळलेलं पाणी छान कोमट होतं. त्यांनी पहिला तांब्या अंगावर घेतला, दुसरा भरला.

"आले, आले!" बाहेरून द्वारकाबाईचा आवाज आला. स्टूल सरकलं. खाचेत पट्टी शिरली, कडी उचलली गेली आणि दार उघडलं. पाच मोजायच्याही आत.

ती दारात उभी होती. श्वास लागलेला, एक हात पुढे केलेला. तिचं तोंड पाटाकडे नव्हतं. ते खाली, दाराजवळच्या कोपऱ्याकडे होतं.

पुंजाराम भरलेला तांब्या हातात धरून बसले होते. नळ वाहत होता.

"हाक मारली ना तुमी?" ती म्हणाली. "दोनदा मारली."

"नाही गं. मी कुठे मारली? मी तर इकडे आहे, पाटावर."

द्वारकाबाईने त्यांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग वाकून तिने तो खालचा दांडा धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि सोडला.

"बरं," ती म्हणाली. "मंग आज न्हाई."

आणि तिने दार हलक्या हाताने ओढून घेतलं.